पांढऱ्या पाठीच्या

शनिवारी साडेनऊला पुलाखाली आम्ही आठजण जमतो.
हिलरी आउथवेट डिकी उघडून हातमोजे वाटते.
सगळे डावे. उजवे कुठे गेले कुणाला ठाऊक नाही.
डावा मोजा उलटा करून घातला की
उजव्या हाताला जवळजवळ बसतो.

नदी म्हणावी एवढी ती रुंद नाही,
ओढा म्हटलं तर इथली माणसं दुखावतात.
कापडाच्या गिरण्या होत्या तेव्हा
मंगळवारी पाणी निळं वाहायचं, गुरुवारी तांबडं,
असं क्लिफर्ड सांगतो. त्याची आई नदी बघून वार ओळखायची.
आता पाणी कोऱ्या चहासारखं आहे,
त्यात ट्राउट आहेत
आणि सुपरमार्केटची एक ट्रॉली,
जी आम्ही दर शनिवारी बाहेर काढतो.

आज ट्रॉलीला सुट्टी.
आज उपटायचाय तो खांद्याएवढा, गुलाबी,
हिमालयातून कुणा साहेबाने बागेसाठी आणलेला
आणि बागेत न राहिलेला.
हिलरी त्याचं लॅटिन नाव घेते,
मास्तर हजेरीला पूर्ण नाव घेतात तसं.
मी पहिल्या दिवशी नुसता देठ पाहिला,
पाणीदार, लालसर, पेराशी फुगलेला,
आणि तोंडातून निघून गेलं: तेरडा!
निदान त्याचा चुलतभाऊ तरी.
‘टेर-डा,’ क्लिफर्ड म्हणाला. ‘म्हणजे?’
ज्याचा रंग तीन दिवस, मी सांगितलं.
त्याने काठाकडे पाहिलं. मैलभर गुलाबी,
जुलैपासून दहिवर गोठेपर्यंत.
‘तुमच्याकडचा बराच वळणात वाढलेला दिसतो.’

मुळं खोल नसतात, याचंच नवल वाटतं.
एवढा माजलेला, पण दोन बोटांनी उपटून येतो.
पहिल्या पेराखाली मोडा, हिलरी ओरडते,
नाहीतर पडल्या जागी रुजतो!
शेंग दिसली तर आधी पिशवी, मग हात.
ढीग उन्हात घाला.
ऊन आहे असं धरून आम्ही घालतो.

नुआला मागच्या वर्षीच्या पट्ट्यात बसून राहते.
तिथे वसंतात रानलसूण परत आला.
तिने मोजला, एकशे बारा,
आणि खूप आवडला म्हणून पुन्हा मोजला.

सेल्विन हेग उशिरा येतो.
टेकडीपलीकडे त्याच्या मधमाश्यांच्या तेवीस पेट्या.
तो आमच्याहून जास्तच उपटतो,
कुणी काही म्हणू नये म्हणून.
सप्टेंबरात रानात दुसरं काही उरत नाही,
तेव्हा माश्या याच फुलांत शिरतात,
आणि निघतात त्या पाठी पांढऱ्याफेक करून,
दळण आणायला गेलेल्या पोरांसारख्या.
हे त्याने मला एकदाच सांगितलं, फ्लास्क विसळताना.
मग म्हणाला, जाऊ दे.

निघताना खुरपं राहिलं म्हणून मी मागे गेले.
अल्डरच्या आड सात झाडं उभी होती,
भोवती सेल्विनच्या बुटांचे ठसे.
मी हातमोजा चढवला. काढला. पुन्हा चढवला.
चार उपटली.
तीन ठेवली, आणि घरी जाईपर्यंत
स्वतःशीच भांडत राहिले.

सप्टेंबरात पुन्हा तिथे गेले.
तिन्ही झाडं फुलांनी लगडलेली,
आणि जिथे जिथे शेंग धरली होती
तिथे नायलॉनच्या जुन्या पायमोज्याचा तुकडा,
वर हिरव्या सुतळीची गाठ.
कचऱ्याच्या पिशव्यांना आमच्यात
अशी गाठ एकटी हिलरीच मारते.

एक माशी फुलातून मागे मागे सरकत आली,
पाठीवर पीठ, जड,
क्षणभर कुठे जायचं ते आठवेना तिला,
मग टेकडीच्या दिशेने.

मी कुणाला काही विचारलं नाही.
ट्रॉली पुन्हा पाण्यात होती.
क्लिफर्ड हाका मारत होता, एकट्याने हलेना म्हणून.